पाणथळ जागेतले लाल फळांचे पानगळी झुडूप: ही होली आहे की बारबेरी?

मृण्मयी_जर्सी (मध्य न्यू जर्सी), ६ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

आमच्या घरामागे, कुंपणापलीकडे, पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी साठून राहणारी एक सखल जागा आहे. मार्च-एप्रिलमध्ये तिथे घोटाभर पाणी असते आणि उन्हाळ्यात ते आटले तरी माती कधी पुरती कोरडी होत नाही. या जागेच्या कडेने रेड मेपलची मोठी झाडे आहेत आणि त्यांच्याखाली सहा ते आठ फूट उंचीची, जमिनीपासूनच अनेक खोडे फुटलेली झुडपे वाढली आहेत. उन्हाळाभर त्यांच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते. नोव्हेंबरात पाने गळाली आणि फांद्यांना अगदी चिकटून बसलेली लालभडक फळे एकदम डोळ्यांत भरली. चमत्कारिक गोष्ट अशी की दिसायला सगळी झुडपे सारखीच असली, तरी फळे त्यांतल्या काहींवरच आहेत आणि उरलेल्यांवर एकही नाही.

फळ गोल असून सहा-सात मिलिमीटर व्यासाचे आहे. काटे कुठेही दिसत नाहीत. खालच्या फांद्यांवर काही पाने अजून लोंबत आहेत, पण ती पिवळी किंवा तांबडी न होता काळी पडली आहेत. बागकाम करायला येणाऱ्या गृहस्थांनी दुरूनच पाहून ही जपानी बारबेरी असल्याचे सांगितले आणि परकी, उपद्रवी वनस्पती म्हणून सगळी मुळासकट काढून टाकण्याचा सल्ला दिला. शेजारच्या आजीबाईंच्या मते मात्र ही इथलीच होली आहे आणि तिला हात लावू नये.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाने नसताना या झुडपाची खात्रीलायक ओळख कशी पटवावी? माझी मुलगी चार वर्षांची आहे, तेव्हा ही फळे किती धोक्याची आहेत? आणि बारबेरी ठरली तर ती काढता येईल का? छायाचित्रे नीट आली नाहीत, म्हणून वर्णनावरच भागवावे लागत आहे.

रानवाट (मॅसॅच्युसेट्स), ६ डिसेंबर

तुमच्या वर्णनातील "काटे कुठेही दिसत नाहीत" हे एकच वाक्य बारबेरीचा दावा खोडायला पुरेसे आहे. जपानी बारबेरीच्या फांदीवर जवळजवळ प्रत्येक पेराशी सुईसारखा सरळ काटा असतो, तिची फळे गोल नसून लांबट असतात आणि फांदी नखाने खरवडली की आतला भाग पिवळाधमक दिसतो. शिवाय ती क्वचितच सहा फुटांपर्यंत वाढते आणि तिला निचऱ्याची, सावलीची रानजमीन अधिक मानवते. घोटाभर पाण्यात ती सुखाने नांदणार नाही.

माझा अंदाज शेजारच्या आजीबाईंच्या बाजूने आहे. हे झुडूप बहुधा विंटरबेरी, म्हणजे वनस्पतिशास्त्रात इलेक्स व्हर्टिसिलाटा या नावाने ओळखली जाणारी होली असावी. कॅनडातील न्यूफाउंडलँडपासून पश्चिमेला मिनेसोटापर्यंत आणि दक्षिणेला थेट अलाबामापर्यंत ही वनस्पती मूळचीच आहे. दलदली, ओढ्यांचे काठ, तळ्यांच्या कडा आणि रेड मेपलची पाणथळ राने ही तिची ठरलेली घरे. आमच्या भागात डिसेंबरात रस्त्याच्या कडेच्या चरांमध्ये जो लाल रंग दिसतो, तो बहुतेक वेळा हिचाच असतो.

मुळासकट काढण्याची घाई मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नका.

केदार_पेन (पेनसिल्व्हेनिया), ७ डिसेंबर

मला इतकी खात्री वाटत नाही. होली म्हटली की कडेला काटे असलेली, चकचकीत आणि बारमाही हिरवी पाने आपल्या डोळ्यांसमोर येतात, आणि न्यू जर्सीत अमेरिकन होली रानात भरपूर आहे. पाने गाळणाऱ्या झुडपाला होली ठरवण्याआधी दुसऱ्या शक्यता तपासायला हव्यात, असे माझे मत आहे. ओलसर जागेत, मेपलच्या सावलीत, लाल फळांचे झुडूप असे वर्णन वाचल्यावर मला सर्वप्रथम स्पाइसबुश आठवले. तेही विभक्तलिंगी असते, म्हणजे नर आणि मादी झुडपे वेगळी असतात. त्यामुळे काही झुडपांवरच फळे असण्याचे कोडे त्यानेही सुटते. दुसरी शक्यता लाल चोकबेरीची. तीही पाणथळीत वाढते आणि तिची फळेही हिवाळ्यात टिकतात.

सुलभा_वनस्पती (मिशिगन), ७ डिसेंबर

केदार यांनी घेतलेली शंका उपयोगाची आहे, कारण या तिन्ही झुडपांची गल्लत नेहमी होते आणि हिवाळ्यात ती अधिकच होते. तथापि होली म्हणजे सदाहरित हा समज इलेक्स या प्रजातिसमूहाला लागू पडत नाही. या समूहात जगभरात सहाशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य सदाहरित असल्या, तरी पूर्व अमेरिकेत आणि पूर्व आशियात पाने गाळणाऱ्या होलींची चांगली मोठी शाखा आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना निलगिरीच्या शोला वनांतील इलेक्स वाइटियाना ही सदाहरित होली विद्यार्थ्यांना दाखवत असे, आणि निवृत्तीनंतर लेकीकडे मिशिगनला आल्यावर निष्पर्ण होली प्रथम पाहिली तेव्हा मीही दोन क्षण थबकले होते. असो.

मृण्मयी, आता तुम्ही एक फळ, एक पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी आणि शक्य असल्यास एक भिंग घेऊन बसा. मी सांगते त्या क्रमाने पाहा, कारण या क्रमाने एकेक शक्यता गळत जाते.

सर्वांत आधी फांदीवरच्या कळ्यांची मांडणी तपासावी. कळ्या आणि गळलेल्या पानांचे व्रण समोरासमोर असतील, तर होलीचा विचार तिथेच सोडून द्यावा. मग ते झुडूप परके हनीसकल किंवा क्रॅनबेरी व्हायबर्नम असू शकते. होलीत ते एकाआड एक असतात. व्रण भिंगातून पाहिल्यास त्यात वाहिन्यांचा एकच ठिपका दिसतो, आणि व्रणाच्या दोन्ही बाजूंना अतिसूक्ष्म, टोकदार, काळसर उपपर्णे (पानाच्या देठाच्या तळाशी येणारे पानासारखे अवयव) आढळतात. ही उपपर्णे फार दुर्लक्षित आहेत. फळे नसलेल्या झुडपाची ओळख हिवाळ्यात पटवायची, तर माझा सर्वाधिक भरवसा त्यांच्यावरच असतो. विंटरबेरीच्या कळ्या इतक्या बारीक आणि बोथट असतात की पहिल्या नजरेत त्या दिसतही नाहीत. उलट चोकबेरीची कळी लांब, टोकदार, तांबूस आणि फांदीला चिकटून बसलेली असते, आणि स्पाइसबुशच्या फांदीवर हिवाळ्यातही पुढच्या वसंतातील फुलांच्या गोल कळ्यांचे गुच्छ स्पष्ट दिसतात.

त्यानंतर फांदी खरवडून वास घ्यावा. स्पाइसबुश दालचिनीच्या कुळातले आहे आणि त्याच्या सालीला लिंबासारखा तिखटसर सुगंध येतो, जो एकदा नाकात गेला की विसरत नाही. विंटरबेरीच्या सालीला असा वास नसतो. स्पाइसबुशची फळे स्निग्धांशाने भरलेली असल्यामुळे स्थलांतर करणारे पक्षी ती सप्टेंबर-ऑक्टोबरातच संपवतात. डिसेंबरात लालभडक फळांनी लगडलेले स्पाइसबुश सहसा दिसत नाही.

आता फळ घ्या आणि ते देठाच्या विरुद्ध टोकाकडून पाहा. चोकबेरी ही सफरचंदाच्या कुळातली असल्यामुळे तिच्या फळाच्या त्या टोकाला, सफरचंदाला असतो तसाच, सुकलेल्या निदलांचा, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांचा, पाच पाळ्यांचा मुकुट असतो. होलीच्या फळाला तिथे केवळ एक लहानसा काळा ठिपका असतो, आणि निदलपुंज असतो तो देठाच्या बाजूला. चोकबेरीची फळे लांब देठांच्या झुबक्यांनी फांद्यांच्या टोकाशी लोंबतात. तुम्ही लिहिलेली "फांद्यांना अगदी चिकटून बसलेली" फळे त्यात बसत नाहीत.

शेवटी फळ नखाने फोडावे. स्पाइसबुशमध्ये एकच मोठे बी निघेल, व्हायबर्नममध्ये एकच चपटे बी निघेल, आणि होलीत मात्र गरात रुतलेल्या तीन ते सहा कठीण बिया निघतील. फळ फोडल्यानंतर हात धुवावेत.

एक सूचना याच्याशी जोडलेली आहे आणि ती महत्त्वाची आहे. याच पाणथळ जागांत पॉयझन सुमॅक वाढते. त्याची फळे लाल नसून पांढुरकी असतात व झुबक्याने लोंबतात, फांद्या जाड असतात आणि उन्हाळ्यात पाने अनेक पर्णिकांची असून मधला दांडा तांबडा असतो. पॉयझन आयव्हीप्रमाणेच त्याच्या रसाने त्वचेला फोड येतात, आणि पाने गळून गेल्यावरही तो धोका संपत नाही. दलदलीत शिरताना अनोळखी फांदी हाताने बाजूला सारू नये.

मृण्मयी_जर्सी, १३ डिसेंबर

सुलभाताई, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने सर्व काही पाहिले. व्रण एकाआड एक आहेत, आणि भिंगातून त्यांच्या कडेला खरोखरच काळी अणकुचीदार टोके दिसली. सालीवर फिकट उठावदार ठिपके आहेत. वास काहीच नाही. फळाच्या टोकाला मुकुट नाही. फोडलेल्या फळांतून कधी चार, कधी पाच बिया निघाल्या. फळे नसलेल्या झुडपांच्या फांद्यांवरही तशीच काळी टोके आहेत, म्हणजे ती झुडपेही त्याच जातीची असावीत.

इथल्या झाडांच्या एका मार्गदर्शिकेत मात्र न्यू जर्सीत पाने गाळणाऱ्या इतर होलीही नोंदवलेल्या दिसल्या: स्मूद विंटरबेरी आणि माउंटन होली. या तिघींत फरक कसा करावा? आणि मुलीविषयीचा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

सुलभा_वनस्पती, १३ डिसेंबर

तुम्ही इतक्या काटेकोरपणे पाहिलेत, याचा आनंद झाला.

माउंटन होली, म्हणजे इलेक्स म्युक्रोनाटा, वेगळी काढणे सोपे आहे. तिची फळे दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या बारीक देठांवर एकेकटी लोंबतात, आणि हिवाळ्यापर्यंत फारशी उरत नाहीत. तिच्या पानाची कड बहुतेक साधी असते आणि टोकाला केसाएवढा बारीक अणकुचा असतो. हिला पूर्वी निमोपँथस या वेगळ्या प्रजातीत ठेवत असत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ती होलींच्या पानावर सापडणार नाही. तुमची फळे आखूड देठांची असल्यामुळे ही शक्यता संपते.

स्मूद विंटरबेरीचा, म्हणजे इलेक्स लेव्हिगाटाचा, निकाल लावायला अधिक बारकाई लागते, कारण दोघी एकाच दलदलीत शेजारी शेजारी वाढू शकतात. फळाच्या देठाकडील बाजूस चिकटलेले निदल भिंगातून पाहा. कडेला बारीक लव असेल तर व्हर्टिसिलाटा, कड गुळगुळीत असेल तर लेव्हिगाटा. लेव्हिगाटाची फळे बहुधा एकेकटी आणि किंचित नारिंगी छटेची असतात. व्हर्टिसिलाटामध्ये ती एकेकटी तशीच दोन-तीन एकत्रही बसतात, त्यामुळे फांदी दाट भरल्यासारखी दिसते. लेव्हिगाटाची पाने शरद ऋतूत पिवळी होऊन गळतात, तर व्हर्टिसिलाटाची पाने पहिल्या कडक थंडीने बऱ्याचदा काळी पडतात. तुमची लोंबणारी काळी पाने म्हणूनच पहिल्या दिवसापासून मला बोलकी वाटत होती, पण थंडीने इतर पानेही काळवंडतात, तेव्हा केवळ त्यांच्यावर विसंबून मत देणे मला प्रशस्त वाटले नाही. खाली पडलेले एखादे पान सापडले तर त्याची मागची बाजू पाहा: व्हर्टिसिलाटाच्या शिरांवर लव असते आणि वरच्या बाजूने शिरा खोल दबलेल्या दिसतात.

फळांविषयी सांगायचे तर त्यांत सॅपोनिन वर्गातील द्रव्ये असतात. ती माणसाच्या खाण्याची नाहीत. एखाद-दुसरे फळ चुकून तोंडात गेल्यास सहसा गंभीर काही होत नाही, परंतु लहान मुलाने अनेक फळे खाल्ल्यास उलट्या, जुलाब आणि सुस्ती येऊ शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता अमेरिकेतील विषबाधा साहाय्य केंद्राच्या १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर लगेच विचारावे. झुडपे कुंपणापलीकडे आहेत, तेव्हा मुलीला ती फळे पक्ष्यांची असल्याचे सांगून ठेवणे मला पुरेसे वाटते.

रानवाट, १४ डिसेंबर

पक्ष्यांचा उल्लेख आलाच आहे, तर थोडी भर घालतो. या फळांत स्निग्धांश कमी असतो, म्हणून शरद ऋतूत पक्षी ती बाजूला ठेवतात आणि दुसरे काही उरले नाही की जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याकडे वळतात. अमेरिकन रॉबिन, सीडर वॅक्सविंग, ब्लूबर्ड आणि मॉकिंगबर्ड हे मुख्य गिऱ्हाईक. वॅक्सविंगचा थवा उतरला तर झुडूप एका दुपारीत मोकळे होते, तेव्हा फळे अचानक नाहीशी झाली तर कोणी तोडून नेली अशी शंका घेऊ नका.

तुम्हाला पक्की ओळख पटलेल्या झुडपांशी ताडून पाहायचे असेल, तर मॉरिस काउंटीतील ग्रेट स्वॉम्प राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानातल्या लाकडी पायवाटांवरून ती जवळून दिसतात. १९५९ मध्ये या दलदलीवर विमानतळ बांधण्याचा प्रस्ताव आला होता. स्थानिक नागरिकांनी जमीन विकत घेऊन ती सरकारला दान केली आणि १९६० मध्ये हे आश्रयस्थान अस्तित्वात आले. तिथली फांदी किंवा फळे तोडण्यास मनाई आहे.

केदार_पेन, १४ डिसेंबर

बियांची संख्या आणि मुकुटाचा अभाव पाहता स्पाइसबुश आणि चोकबेरी दोन्ही बाद झाल्या, हे मान्य. याच विषयाशी लागून माझा एक प्रश्न आहे. आमच्या दारात रोपवाटिकेतून आणलेली 'विंटर रेड' नावाची विंटरबेरी लावली आहे. ती दरवर्षी फुलते, पण फळ धरत नाही. आसपास रानटी विंटरबेरी नाही, मात्र शेजाऱ्यांकडे अमेरिकन होलीचे मोठे नर झाड आहे. त्याचे पराग चालत नाहीत का?

बागाईत (कनेक्टिकट), १५ डिसेंबर

चालत नाहीत, असेच धरून चला, कारण होलीच्या जाती वेगळ्या असल्या की फुलण्याच्या वेळा आणि जुळणी दोन्ही बिघडतात. आमचे मूळ गाव कोकणात आहे, त्यामुळे हे प्रकरण मला जायफळासारखे वाटते: दहाएक मादी झाडांमागे एक नर राखल्याशिवाय बागायतदाराचे भागत नाही, आणि विंटरबेरीतही साधारण त्याच प्रमाणात एक नर पुरतो. मात्र तो त्याच जातीचा, पन्नासएक फुटांच्या आत आणि त्याच सुमारास फुलणारा हवा.

शेवटची अट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. रोपवाटिकांतील विंटरबेरीचे वाण लवकर फुलणारे आणि उशिरा फुलणारे अशा दोन गटांत पडतात. 'रेड स्प्राइट' हा बुटका मादी वाण लवकर फुलतो आणि त्याला 'जिम डँडी' हा नर लागतो. तुमची 'विंटर रेड' उशिरा फुलते, तिला 'सदर्न जेंटलमन' हा नर लावावा. दुकानात या दोन नरांची अदलाबदल सर्रास होते, म्हणून कुंडीवरची चिठ्ठी स्वतः वाचून घ्यावी. मातीचाही विचार करा. या झुडपाला आम्लधर्मी माती हवी, आणि घराच्या पायालगतची जमीन सिमेंटमधील चुन्यामुळे अल्कधर्मी झाली असेल तर पाने पिवळी पडतात.

छाटणी करायची झाल्यास हिवाळ्याच्या अखेरीस, नवे कोंब फुटण्याआधी करावी, कारण फुले नव्या फुटीवर येतात. जुन्या खोडांपैकी फार तर एक तृतीयांश बुंध्याशी कापावीत.

माळरान_को (कोल्हापूर), १६ डिसेंबर

चर्चा वाचताना आनंद झाला. महाबळेश्वरच्या थंड, ओलसर हवेत हे झुडूप लावून पाहता येईल का?

सुलभा_वनस्पती, १६ डिसेंबर

माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे. पाणथळ जागेत वाढणारे आणि पक्ष्यांमार्फत पसरणारे परदेशी झुडूप सह्याद्रीच्या माथ्यावर नेऊन सोडणे इष्ट नाही; जपानी बारबेरीही इथे शोभेचे झुडूप म्हणूनच आणली गेली, आणि आज ती परकी, उपद्रवी वनस्पती ठरली आहे. फांदीवरच्या लाल फळांचीच हौस असेल, तर सह्याद्रीतली स्वतःची झुडपे कमी नाहीत, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय होईल.

मृण्मयी_जर्सी, २० डिसेंबर

निदलांच्या कडेला लव आहे, आणि चिखलात सापडलेल्या पानाच्या मागच्या शिरांवरही आहे. म्हणजे इलेक्स व्हर्टिसिलाटा असे मी धरून चालते. बागकाम करणाऱ्या गृहस्थांना काम थांबवायला सांगितले आहे. मात्र त्यांनी आता असे सुचवले आहे की फळे न देणारी झुडपे तरी काढून टाकावीत, म्हणजे जागा मोकळी होईल.

रानवाट, २० डिसेंबर

ती झुडपे बहुधा नर आहेत. ती काढलीत, तर उरलेल्यांवर फळे धरणार नाहीत.

खात्री जूनमध्ये करून घ्या. त्या सुमारास पानांच्या बगलेत अगदी लहान, हिरवट-पांढरी फुले येतात. मादी फुलाच्या मधोमध फुगीर हिरवा बीजांडकोश स्पष्ट दिसतो. नर फुले जास्त संख्येने, झुबक्यांनी येतात आणि त्यांच्यात पिवळे परागकोश उठून दिसतात. मधमाश्यांची वर्दळ दोन्हीवर असते. त्या वेळी फांद्यांना रंगीत दोरे बांधून ठेवलेत, तर पुढच्या हिवाळ्यात कोणालाही दाखवता येईल. एखादे मादी झुडूप दाट सावलीत असल्यानेही फळाविना राहिलेले आढळेल. तेही काढण्याचे कारण नाही.

शिवाय न्यू जर्सीत गोड्या पाण्याच्या पाणथळ जागांच्या संरक्षणाचा १९८७ चा कायदा लागू आहे. पाणथळ जागेभोवतीचा पट्टाही त्याच्या कक्षेत येतो. तिच्या दर्जानुसार हा पट्टा ५० किंवा १५० फुटांचा असू शकतो, आणि तिथली वनस्पती मोठ्या प्रमाणावर काढण्यासाठी परवानगी लागते. कुंपणापलीकडची जागा तुमच्या मालकीची असली तरी हा नियम सुटत नाही. तेव्हा त्या गृहस्थांनी पुन्हा आग्रह धरला, तर आधी राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाकडे त्या जागेचा दर्जा विचारून घ्या आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत फावडे लावू देऊ नका.